मासा न विकता मासळीवर चालणारा धंदा

व्यापार म्हणजे माल घेणे आणि माल देणे, असे आम्ही कापडबाजारातील माणसे धरून चालतो. परंतु ज्या मालाची विक्री कायद्याने बंद आहे, त्याच मालाच्या आधाराने अनेक कुटुंबांची रोजी चालते, असाही एक धंदा अमेरिकेत आहे. तेथील गाईड लोक गिऱ्हाइकांना होडीतून खाडीत नेतात व 'रेडफिश' नावाचा मासा गळाने पकडवून देतात. आमच्या व्यापारी व कारागीर बंधूंनी या धंद्याची रीत समजून घेण्यासारखी आहे.

फ्लोरिडा राज्याच्या पूर्व किनाऱ्यावर केप कॅनाव्हेरल येथून अवकाशयाने उडतात, हे सर्वांस ठाऊक आहे. १९६०च्या दशकात नासाने त्यासाठी आजूबाजूची मोठी जमीन ताब्यात घेतली. त्या जमिनीवर १९६३ मध्ये मेरिट आयलंड अभयारण्य झाले आणि १९७५ मध्ये लगतचा किनारा राष्ट्रीय समुद्रकिनारा म्हणून राखला गेला. त्यामुळे 'मॉस्किटो लगून' या खाडीचा बराच काठ हॉटेले व इमारतींवाचून राहिला. पाणी पुष्कळ ठिकाणी गुडघाभर, कोठे कमरेइतके, आणि तळाशी समुद्री गवत. तांबूस अंगाचा, शेपटीजवळ काळा ठिपका असलेला रेडफिश तेथे खेकडे व कोळंबी शोधत फिरतो. तळाशी तोंड घालून खाऊ लागला की त्याची शेपटी पाण्याबाहेर हलताना दिसते.

गाईडची खरी पुंजी म्हणजे त्याची नजर. होडी सपाट तळाची, वीतभर पाण्यातही तरंगणारी. मासे जवळ आले की इंजिन बंद. मग तो मागच्या उंच मचाणावर उभा राहून लांब काठीने होडी आवाज न करता ढकलतो आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे दिशा सांगतो : दहाच्या बाजूला, चाळीस हातांवर, शेपटी दिसते आहे, टाका! गळ, काठी, आमिष सर्व त्याचेच. वारा कोणत्या बाजूचा, पाणी कोठे साचले, ऊन चढल्यावर मासा कोणत्या खड्ड्यात जाईल, हे त्याने वर्षानुवर्षे फिरून शिकलेले असते. पैसे घेऊन माणसे नेण्यासाठी तटरक्षक दलाचा परवाना लागतो. लहान होडीच्या परवान्यासाठी ३६० दिवसांचा नौकेवरील अनुभव दाखवावा लागतो, आणि सहापेक्षा अधिक उतारू घेता येत नाहीत.

दर ठरतो तो अर्ध्या किंवा पूर्ण दिवसाचा, माशावर नव्हे. येथे आम्हांस फिकहच्या किताबांतील गोष्ट आठवते. पाण्यातील न पकडलेल्या मासळीची विक्री हे 'गरर'चे, म्हणजे अनिश्चित सौद्याचे, ठरलेले उदाहरण आहे. हा गाईड मासा विकतच नाही. तो आपला वेळ, होडी आणि हुन्नर भाड्याने देतो. आपल्या भाषेत हा इजारा, आणि घेतो ती उजरत. एकही मासा लागला नाही तरी पैसे चुकते करावे लागतात आणि त्यावर भांडण होत नाही, कारण बोली आधीच स्पष्ट असते. (केवळ खेळासाठी मासा गळाला लावून पुन्हा सोडणे कितपत योग्य, हा सवाल उलेमांचा आहे, या पानाचा नव्हे.)

मासा विकणे बंद का झाले, त्याचीही हकीकत आहे. १९८०च्या दशकात न्यू ऑर्लिन्सचे आचारी पॉल प्रुडोम यांनी मसाला लावून तापल्या तव्यावर काळपट भाजलेला रेडफिश प्रसिद्ध केला. देशभर मागणी उसळली. फ्लोरिडाच्या पश्चिमेकडील मेक्सिकोच्या आखातात विमानातून थवे हेरून मोठ्या जाळ्यांनी अंडी घालणारे मोठे मासेच उचलले जाऊ लागले. म्हणजे व्याज सोडून मुद्दलच खर्ची पडू लागली! १९८६ मध्ये केंद्र सरकारने आखातातील आपल्या हद्दीत ही मासेमारी तातडीने थांबवली. फ्लोरिडाने १९८९ मध्ये रानटी रेडफिशची विक्रीच बंद केली आणि हौशी लोकांसाठी माप ठरवले : १८ ते २७ इंच. त्याहून लहान सोडायचा, कारण तो वाढायचा आहे. मोठाही सोडायचा, कारण बियाणे तेच आहे. आम्ही कापडवाले इंचाइंचावर वाद घालतो, पण ताग्याच्या दोन्ही बाजूंनी असे माप लावलेले आम्ही पाहिले नाही.

मासा बाजारातून हटला, परंतु धंदा बुडाला नाही. तो गाईडच्या हाती आला. धोका पुढे दुसऱ्याच वाटेने आला. काठ राखीव होता, परंतु बाहेरून येणारे पाणी अडवता येत नव्हते. मॉस्किटो लगून ज्या इंडियन रिव्हर लगूनचा भाग आहे, तिच्याभोवती इतरत्र वस्ती वाढत गेली. घरांच्या शौचकुंडांतील झिरपा आणि हिरवळीवर टाकलेले खत पाण्यात उतरले. २०११ मध्ये शेवाळाची प्रचंड लाट आली, सूर्यप्रकाश अडला आणि त्यानंतरच्या वर्षांत निम्म्याहून अधिक समुद्री गवत गेले. २०२१ मध्ये फ्लोरिडात सुमारे ११०० मॅनाटी मेले. गवतावर जगणारा हा मोठा जलचर या खाडीच्या पट्ट्यात उपासमारीने मेला. ज्यांचे रंगखाने आहेत आणि ज्यांचे पाणी नाल्यात जाते, त्या आमच्या बंधूंना हा हिशेब वेगळा समजावण्याची गरज नाही.

गवत गेले तसा रेडफिशही घटला. अखेर १ सप्टेंबर २०२२ पासून या संपूर्ण खाडीत रेडफिश घरी नेण्यास मनाई झाली. पकडलेला प्रत्येक मासा तेव्हा सोडावाच लागे. गाईडांनी धंदा बंद केला नाही. काहींनी काळ्या ड्रमसारख्या दुसऱ्या माशांकडेही गिऱ्हाईक वळवले. माशाला इजा कमी व्हावी म्हणून ते गिऱ्हाइकाला आधी हात ओले करायला लावतात, गळ चटकन काढतात, एक फोटो घेऊ देतात आणि मासा परत पाण्यात सोडतात. पूर्वी मापात बसलेला मासा सायंकाळी घरी नेता येई. मनाईनंतर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने उतरू लागले आणि ठरल्या वेळेची उजरत मोजून देऊ लागले.