डिस्ने वर्ल्डमध्ये आयत्या वेळचं जेवण

मुलगा, मुलगी, भाऊ किंवा नणंद अमेरिकेत असली की एक फेरी होतेच, आणि त्या फेरीत नायगाराच्या खालोखाल नाव निघतं ते फ्लॉरिडातल्या डिस्ने वर्ल्डचं. विमानाची तिकिटं, हॉटेल, भाड्याची गाडी ही कामं घरातले पुरुष हौसेनं करतात. मग कुणीतरी विचारतं, "जेवणाची बुकिंगं झाली का?" हा प्रश्न मात्र न चुकता घरातल्या बाईकडे वळतो. वर्षभर रोज सकाळ-संध्याकाळ "आज काय करू?" म्हणून डोकं चालवणाऱ्या बाईनं सहलीतसुद्धा, आणि तेही ६० दिवस आधी, आठ माणसांना मंगळवारी दुपारी कशाची भूक लागेल ते सांगायचं!

हे ६० दिवस मी मनचे सांगत नाही. तिथल्या टेबलावर बसून जेवायच्या हॉटेलांत ६० दिवस आधीपासून जागा राखता येते. त्यांच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना तर आपल्या मुक्कामाच्या पहिल्या दहा दिवसांपर्यंतची बुकिंगं एकदम करता येतात. तिकडच्या पहाटे सहाला यादी उघडते आणि नावाजलेल्या जागा बघता बघता संपतात. म्हणून तिकडे राहणारे आपले लोकही ताकीद देतात, "बुकिंगशिवाय जाऊ नका, उपाशी राहाल."

तर मैत्रिणींनो, उपाशी कुणी राहत नाही. आम्ही आठजण पाच दिवस एकही बुकिंग न करता तिथं जेवलो. सासूबाई पूर्ण शाकाहारी, मामंजींना मधुमेह, दोन मुलं, वन्सं आणि त्यांचे यजमान, आणि आम्ही दोघं. बुकिंग करायचं नाही हे ठरवलं वन्संनी. आधीच्या एका खेपेला त्यांनी रीतसर तक्ता करून सगळी जेवणं ठरवली होती. मुलगा पाऊण तास एका रांगेत उभा राहून पाळण्याच्या तोंडाशी पोचला आणि तेवढ्यात दूरच्या हॉटेलातल्या जेवणाची वेळ झाली. न जावं तर माणशी दहा डॉलर दंड! रडणाऱ्या मुलाला ओढत नेलं, आणि तिथं त्यानं घास खाल्ला नाही. त्या म्हणाल्या, "ह्या वेळी माझ्या हातात घड्याळ नको."

जागेचा आवाका आधी ध्यानात घ्यायला हवा. १ ऑक्टोबर १९७१ रोजी ऑर्लँडो शहराजवळ मॅजिक किंग्डम उघडलं. नंतर १९८२ मध्ये एपकॉट, १९८९ मध्ये हॉलिवूड स्टुडिओज (तेव्हाचं नाव थोडं वेगळं होतं) आणि १९९८ मध्ये अ‍ॅनिमल किंग्डम आलं. सगळा पसारा सुमारे २५,००० एकरांचा. एका उद्यानातून दुसऱ्यात जायचं तर बस, बोट नाही तर एका रुळावरची मोनोरेल. तेव्हा "इथं नाही मिळालं तर पलीकडे बघू" असं पुण्याच्या लक्ष्मी रोडवरच्यासारखं जमत नाही. भूक लागेल तेव्हा आपण जिथं असू, तिथल्याच चार-सहा ठिकाणांचा विचार करायचा.

जेवायच्या जागा मुख्यतः दोन जातींच्या. एक काउंटरवरून ताट घेऊन यायच्या, दुसऱ्या वेटर येऊन वाढणाऱ्या. काउंटरच्या ठिकाणी बुकिंग लागत नाही आणि तीच संख्येनं पुष्कळ आहेत. तिथं उभं राहून मागायचीही गरज उरलेली नाही. फोनवर डिस्नेचं अ‍ॅप असतं, त्यात पदार्थ निवडायचे, किती वाजता हवं ती वेळ निवडायची, पैसे भरायचे. हॉटेलाजवळ पोचलो की "आम्ही आलो" असं बटण दाबायचं, मग कितव्या खिडकीवर ताट आलं ते फोन सांगतो. ह्यातली युक्ती अशी की वेळ सकाळीच निवडून ठेवावी. भर साडेबाराला फोन उघडलात तर दीडच्या पुढची वेळ मिळते आणि मामंजींसारख्या गोळी घेणाऱ्या माणसाला तो तास भारी पडतो. बटण दाबेपर्यंत स्वयंपाक सुरू होत नाही, म्हणून पोचायला थोडं मागेपुढे झालं तरी अन्न गार होत नाही.

ताट मिळालं तरी टेबल मिळतंच असं नाही. दुपारी बारा ते दीड ताटं हातात घेऊन फिरणारी कुटुंबं बघितली की लग्नातल्या पंगतीची आठवण येते. दोघांनी आधी जाऊन खुर्च्या धराव्यात, हे आपल्याला शिकवायला नकोच.

आता वेटरच्या जागांबद्दल. "सगळं भरलंय" हे सकाळचं उत्तर संध्याकाळी खरं राहत नाही, हे कळलं की निम्मी काळजी जाते. ह्याचं कारण साधं आहे. बहुतेक हॉटेलांत जेवणाच्या वेळेच्या दोन तास आधीपर्यंत बुकिंग विनादंड रद्द करता येतं. लोकांनी दोन महिन्यांपूर्वी हावरटपणानं दोन-दोन जागा धरून ठेवलेल्या असतात. मुलं दमतात, बेत बदलतात, आणि दोन तास उरले की त्या जागा सोडतात. म्हणजे तुम्हाला सातला जेवायचं असेल तर पाचच्या जरा आधी अ‍ॅपमध्ये पुन्हा बघायचं. आम्हाला दोनदा असं मिळालं. ह्याशिवाय अ‍ॅपमध्येच आयत्या वेळी येणाऱ्यांची एक यादी असते. हॉटेलाच्या आसपास असताना त्यात नाव घालता येतं, किती वेळ लागेल त्याचा अंदाज दिसतो, टेबल रिकामं झालं की निरोप येतो. सगळीच हॉटेलं ही यादी सदैव उघडी ठेवत नाहीत. मग सरळ दारातल्या मुलीला जाऊन विचारावं. विचारायला आपण संकोचतो, पण तिथं त्यात कुणाला काही वाटत नाही.

आपली एक सवय तिथं फार उपयोगी पडते. अमेरिकन माणूस रात्रीचं जेवण साडेपाच-सहाला उरकतो. आपण आठ-साडेआठला भुकेजतो. त्या सुमाराला जागा सुटायला लागलेल्या असतात. मॅजिक किंग्डममध्ये रात्री किल्ल्यावर दारूकाम असतं, तेव्हा तर सगळी गर्दी अंगणात मान वर करून उभी असते आणि काउंटर ओस पडलेले. मात्र हॉटेल किती वाजता बंद होतं ते सकाळीच बघून ठेवा. काही जागा उद्यान बंद व्हायच्या आधीच आवरतात. उन्हाळ्यात दुपारी तिथं गडगडाटासह पाऊस येतो, त्या वेळी उलट. पहिला थेंब पडायच्या आत आत शिरावं, नंतर दार दिसत नाही.

मोठं कुटुंब असेल तर एक गोष्ट मनावर घ्या: सगळ्यांनी एका टेबलाशी बसायचा हट्ट नको. आठजणांचं टेबल आयत्या वेळी मिळणं अवघड, चार-चारची दोन सहज. एका रात्री आमचे असेच दोन भाग झाले. पुरुष आणि वन्संचा मुलगा एकीकडे. सासूबाई, वन्सं, मी आणि माझी मुलगी एकीकडे. सासूबाई एरवी सगळ्यांची ताटं भरली का ते बघण्यातच जेवण संपवतात. त्या दिवशी बघायला कुणी नव्हतं. त्यांनी यादी स्वतःच्या हातात घेतली, वन्संकडून एकेक पदार्थ वाचून घेतला आणि स्वतःसाठी निवडला. "तुम्ही काय घेणार ते घ्या गं, मला हे हवंय." लग्नाला बारा वर्षं झाली माझ्या, त्यांच्या तोंडून हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. नंतर त्यांनी आपल्या माहेरच्या आत्याबद्दल सांगितलेली हकिकत वन्संनाही ठाऊक नव्हती. पलीकडच्या टेबलावरून आमच्या ह्यांनी दोनदा हाक मारली, "आई, तुला पुरेसं मिळालं ना?" त्यांनी नुसती मान हलवली.

शाकाहारी माणसाचं काय, हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. यादीत हिरव्या पानाची खूण असते, तिचा अर्थ मांस, दूध, अंडं, मध ह्यांपैकी काही नाही. आपल्याला दूध-तूप चालतं, म्हणून त्या खुणेबाहेरही आपल्याजोगं काही ना काही असतं, पण तिथं विचारावं लागतं. भात किंवा सूप कोंबडीच्या पाण्यात शिजवलेलं नाही ना, तळण कशाबरोबर तळलंय, अंडं आहे का. नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणून थांबू नये. वेटरच्या हॉटेलात विनंती केली तर मुख्य स्वयंपाकी स्वतः टेबलाशी येऊन सांगतो. मॅजिक किंग्डममधलं अननसाचं मऊ आइस्क्रीम, डोल व्हिप, ह्यात दूधही नसतं. सासूबाईंनी ते दोनदा खाल्लं. मामंजींसमोर मात्र नाही.

एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. भारताचं नाही, ह्याची मला चुटपुट लागली. पण फ्रान्सच्या दालनात ले हाल नावाची बेकरी आहे, तिथं रांगेत उभं राहून लांब पाव आणि चीज घेतलं की दोघांचं भागतं, बुकिंगचं नावच नको. जपानकडेही काउंटर आहे. ह्या फेरीत एका जागी पोटभर जेवण्यापेक्षा चार ठिकाणी थोडंथोडं खावं. सव्वा मैलाच्या आसपास चालणंही होतं.

आपल्या जिभेला सगळ्यात मानवेल ते अ‍ॅनिमल किंग्डम लॉजमधलं सना. २००९ साली सुरू झालेलं हे हॉटेल आफ्रिकी आणि भारतीय चवींचं आहे. तिथं नान, कुलचा असे भाजलेले पाव आणि त्यांच्यासोबत नऊ तऱ्हेच्या वाट्या येतात. त्यात काकडीची कोशिंबीर, चिंचेची चटणी, कोथिंबिरीची चटणी, लसणाचं लोणचं! खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात. रात्रीपेक्षा दुपारी गर्दी कमी, आणि अंधार पडल्यावर जिराफ दिसणार तरी कसे? उद्यानाचं तिकीट लागत नाही, कारण हे हॉटेलात आहे. मात्र सुट्टीच्या दिवसांत जेवणाचं बुकिंग नसेल तर मोटार आत सोडत नाहीत असं होऊ शकतं, तेव्हा बसनं जावं. मामंजी लसणाच्या लोणच्याची वाटी पुसून घेत म्हणाले, "घरच्यासारखं नाही, पण वाईट नाही." त्यांच्या तोंडी ही मोठी शिफारस आहे.

खर्चाचंही बोलू. काउंटरवरचं ताट साधारण बारा ते अठरा डॉलरच्या घरात, मिकी-मिनी टेबलाशी येऊन भेटतात ती जेवणं पन्नास-साठच्या पुढे. वर साडेसहा टक्के कर. वेटरला अठरा ते वीस टक्के बक्षिशी द्यायची तिथली रीत आहे. सहा किंवा जास्त माणसं एका टेबलाशी असतील तर अठरा टक्के बिलातच लावतात. तेव्हा बिल वाचा, नाही तर दोनदा द्याल. काउंटरवर बक्षिशी नसते. कमी जेवणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी काउंटरवरून मुलांचं ताट खुशाल मागवावं. पाणी विकत घेऊ नका. जिथं सरबतांचं यंत्र आहे त्या काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट देतात.

आणि डबा! आपल्याकडच्या बऱ्याच उद्यानांच्या दारात डबा काढून घेतात, तिथं नाही. घरचं खाणं आत नेता येतं; काचेची भांडी आणि दारू नको, एवढंच. आमच्या पिशवीत रोज दशम्या, खाकरे, भाजलेले दाणे असायचे. मामंजींच्या वेळा त्यांच्यावरच सांभाळल्या. बुकिंग न करता जायचं तर ही पिशवी हवीच, विशेषतः मधुमेही माणूस किंवा लहान मूल बरोबर असेल तेव्हा. तान्ह्या बाळांसाठी प्रत्येक उद्यानात वेगळी खोली आहे. तिथं मऊभात गरम करून घेता येतो, निवांत बसून पाजताही येतं.

सगळंच आयत्या वेळेवर सोडा असं मात्र मी म्हणणार नाही. मुलीनं सिंड्रेलाच्या किल्ल्यातल्या जेवणाचा ध्यास घेतला असेल तर तेवढं एक बुकिंग ६० दिवस आधी करा, तिथं नशिबावर विसंबू नका. नाताळ ते नववर्षाचा आठवडा, थँक्सगिव्हिंगचे दिवस, मार्च-एप्रिलमधल्या तिकडच्या शाळांच्या सुट्ट्या ह्या काळातही आमच्यासारखं करू नये. आम्ही गेलो ते साधे दिवस होते.

परतीच्या दिवशी विमान रात्रीचं असेल तर डिस्ने स्प्रिंग्जला जा. ही दुकानांची आणि हॉटेलांची पेठ आहे, तिकीट नाही, गाडी लावायला पैसे नाहीत. दुपारी तीनच्या सुमाराला बहुतेक ठिकाणी सरळ आत घेतात. आम्ही तिथं पिझ्झा खाल्ला, उरलेले चार तुकडे वन्संनी खोक्यात बांधून घेतले आणि ते विमानतळावर मामंजींच्या आठच्या गोळीला उपयोगी पडले.