हृदयपंपाचा पडदा

नागपूरहून काटोलकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील कळमेश्वर हे संत्र्याच्या आणि कापसाच्या मुलखातले गाव. परंतु तेथील औद्योगिक वसाहतीत, जेएसडब्ल्यूच्या कारखान्यात, आज पोलादी पत्र्यावर जस्ताचा आणि त्यावर रंगाचा थर चढविला जातो, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत ओलाव्यापासून लोखंडाचे रक्षण करण्याचा बंदोबस्त या थरांकडे सोपविलेला असतो. हा पत्रा एकदा छपरावर चढला की निश्चल पडून राहतो, हे त्याचे भाग्य. तोच जर सेकंदा-सेकंदाला वाकावा लागला असता, तर रंगाला तडे जाण्यास आठवडाही लागला नसता.

मनुष्यदेहात बसविलेल्या स्पंदनशील हृदयपंपाच्या पडद्यावर नेमका हाच प्रसंग येतो. त्याच्या एका अंगास रक्त, दुसऱ्या अंगास हवा किंवा यंत्र. मिनिटाला 70 ठोके धरले तरी वर्षाकाठी सुमारे 3 कोटी 68 लाख वेळा त्याला वाकावे लागते. 2 डिसेंबर 1982 रोजी युटा विद्यापीठात विल्यम डीव्ह्रीज यांनी बार्नी क्लार्क या दंतवैद्याच्या छातीत जे 'जार्विक-7' बसविले, त्याचे पडदे पॉलियुरेथेनचे होते. क्लार्क त्यावर 112 दिवस जगले. तेथे हवा पुरविणारे धूड देहाबाहेर होते आणि नळ्यांतून हवेची ये-जा चाले, म्हणून पडद्यातून झिरपलेल्या बाष्पाची कोणी फारशी फिर्याद केली नाही. पुढे मोटारच देहात नेण्याची आकांक्षा उत्पन्न झाली, तेव्हा मात्र गोष्ट बदलली.

पाणी अडविणे आणि पाण्याची वाफ अडविणे ही दोन भिन्न कामे होत. प्लास्टिकच्या पिशवीतून पाण्याचा थेंब गळत नाही, तरी बाष्पाचे सुटे रेणू तिच्या आरपार हळूहळू प्रवास करीतच असतात. पॉलियुरेथेनच्या रेणुमालिकेत कठीण आणि मृदू खंड एकाआड एक गुंफलेले असतात. मृदू खंड चंचल म्हणून पडदा वाकतो, आणि त्याच चंचल साखळ्यांमधील क्षणिक फटींतून बाष्प पलीकडे जाते. ज्या गुणासाठी द्रव्य निवडावे तोच गुण शत्रूला वाट दाखवितो, असा हा विचित्र मामला आहे. बंद पोकळीत हे बाष्प साचले, त्याचे दव झाले, की बेअरिंग आणि विद्युत्-भाग यांवर गंज चढण्यास निमित्त मिळते.

त्यावर उपाय शोधले गेले. सायकलच्या ट्यूबसाठी वापरतात ते, 1937 साली निर्माण झालेले ब्युटिल रबर वायू व बाष्प यांना फारच थोडी वाट देते. म्हणून पॉलियुरेथेनच्या दोन थरांमध्ये त्याची तजवीज करण्याची कल्पना निघाली. क्लीव्हलँडमध्ये युकिहिको नोसे यांच्या गटाने गुडइयरच्या 'हेक्सिन' या पॉलिओलेफिन रबराचे पडदे आजमावले. 1999 साली प्रथम रोपण झालेल्या 'लायनहार्ट' पंपात मोटारीमागील हवेला मागे-पुढे होण्यास छातीत एक मऊ पिशवी ठेवलेली होती. तिच्यातला वायू कालांतराने कमी होई, आणि तो कातडीखालील छिद्रद्वारातून सुईने पुन्हा भरावा लागे. प्रामाणिक रचना हीच, असे मला वाटते: झिरपणे कबूल करून त्याची भरपाई ठेवणे.

नंतरच्या अभियंत्यांनी वादच मिटविला. 'हार्टमेट-3' मध्ये पडदाच नाही. टायटेनियमच्या आवरणात चुंबकीय बळाने तरंगणारे चक्र रक्त पुढे ढकलते, आणि धातूच्या बंद भिंतीतून बाष्प शिरत नाही. एवढ्याने लवचीक द्रव्याची सुटका झाली असे मात्र नाही. वीज आत नेणारी दोरी पोटाच्या कातडीतून बाहेर येते. हलत्या देहाबरोबर तिला हलावे लागते, म्हणून ती मऊ ठेवतात, आणि तिच्या बाहेरच्या टोकाला नियंत्रक व बॅटऱ्या जोडलेल्या असतात. असा पंप बसविलेल्या इसमाला नदीत किंवा तळ्यात पोहण्याची आजही मनाई आहे.