हात वर न करणारी ग्रामसभा

गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंड गाव बहुतेकांना ठाऊक आहे ते बांबूमुळे. 2006च्या वनहक्क कायद्याखाली 2009 साली गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक वनखात्याच्याच कपाटात राहिले. नवा कायदा बांबूला गौण वनोपज म्हणत होता, खाते मात्र 1927च्या वन कायद्यातले ‘झाड’ सोडायला तयार नव्हते. 27 एप्रिल 2011 रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेकडे आले. छायाचित्रे त्या दिवसाची छापली गेली. पण तो दिवस ज्या बैठकांनी आणला, त्यांत छापण्यासारखे काही दिसत नाही: माणसे बसतात, बोलतात, पटले नाही तर उठून जातात आणि पुन्हा बसतात. मेंढ्याचे बळ तिथे आहे.

या सभेत मतदान नाही. निर्णय सर्वसहमतीने, म्हणजे एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला. यावर आक्षेप ठरलेला: असे केल्याने काम रखडते, आणि दबकून बसलेल्याचे मौन ‘सहमती’ म्हणून खपते. दुसरा मुद्दा खरोखर गंभीर आहे. त्याला मेंढ्याने शोधलेला उतारा म्हणजे अभ्यासगट. कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे लोकही त्यात बसत आले. कायदा, जंगल, हिशेब यांवर काथ्याकूट होतो, पण तिथे ठराव होत नाही. शिकण्याची जागा वेगळी आणि ठरवण्याची वेगळी. त्यामुळे सभेत येणारा माणूस निदान विषय समजून घेऊन येतो आणि जाणकाराला सत्ता मिळत नाही. यात सगळी भीती संपते असे नाही, पण बहुमताच्या मोजणीत हरलेल्याचे म्हणणे तर त्याच दिवशी निकालात निघते. राहिली दिरंगाई. 2013 साली गावाने 1964च्या ग्रामदान कायद्याखाली आपली शेतजमीन ग्रामसभेच्या नावे करण्याचे ठरवले. असा ठराव 51 विरुद्ध 49 मतांनी केला असता तर तो पेरणीपर्यंतही टिकला नसता.

शेवटचा आक्षेप म्हणजे हे शंभरएक घरांच्या वस्तीतच जमते. बरोबर, आणि ‘मावा नाटे मावा राज’ (आमच्या गावात आमचे राज्य) या घोषणेतले गाव तेवढेच आहे. लेखा ग्रामपंचायतीत मेंढ्यासह तीन गावे होती. मेंढ्याची सभा मात्र वस्तीची. आदिवासी भागांतील पंचायतींसाठीचा 1996चा पेसा कायदाही रूढी-परंपरेने कारभार करणाऱ्या पाड्याला गाव मानतो.