उष्टावणानंतरचा घास

सहाव्या महिन्यातील उष्टावण हिंगोली जिल्ह्यातील घरांना नवे नाही. तथापि खीर चाटवून झाल्यावर अनेक घरांत बाळ पुन्हा केवळ दुधावर राहते. जन्मतः शरीरात साठलेले लोह याच सुमारास संपत येते. एकट्या आईच्या दुधाने ती उणीव भरून निघत नाही.

प्रारंभ कुस्करलेल्या, घट्ट वरणभाताने दिवसातून २ ते ३ वेळा करावा. आठव्या महिन्याच्या सुमारास बाळ वस्तू उचलून तोंडात घालू लागते. तेव्हा वरणात भिजवलेल्या भाकरीचा मऊ तुकडा, उकडलेल्या बटाट्याची फोड त्याच्या हाती द्यावी. सांडलवंड होईल, ती होऊ द्यावी. अर्थात एवढ्याने पोट भरत नाही. उरलेले मोठ्यांनी भरवावे आणि बाळाने तोंड फिरवताच थांबावे. बाळ ताठ बसलेले, हात धुतलेले आणि मोठे माणूस समोर असणे अनिवार्य आहे. शेंगदाणे व फुटाणे मुळीच देऊ नयेत; ते श्वासनलिकेत अडकतात.

सोयाबीनच्या काढणीस आई गेली की बाळ आजीजवळ असते. अंगणवाडीतील मार्गदर्शनास आजीलाही बोलावणे म्हणूनच अगत्याचे आहे. सहा महिने ते तीन वर्षांच्या बालकांसाठी अंगणवाडीतून घरी दिला जाणारा आहार इतरांच्या ताटात जात नाही ना, हे पंचायत सदस्यांनी पाहावे.