अर्थशास्त्राचा अर्ज अकरावीतच लिहिला जातो

केंब्रिज विद्यापीठ किंवा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स (एलएसई) इथल्या अर्थशास्त्राच्या पदवीच्या अटी वाचायला घेतल्या, की पहिल्यांदा बुचकळ्यात पडायला होते. शाळेत अर्थशास्त्र घेतलेले असावे, अशी अट दोन्ही ठिकाणी नाही. गणित मात्र हवेच. आपल्याकडेही फार वेगळे चित्र नाही. दिल्ली विद्यापीठाच्या बी.ए. (ऑनर्स) अर्थशास्त्रासाठी सीयूईटी या प्रवेश परीक्षेत गणिताचा पेपर द्यावा लागतो, आणि आयआयटी मुंबईतल्या अर्थशास्त्राच्या पदवीला प्रवेश जेईई ॲडव्हान्स्डमधूनच मिळतो. ज्या विषयाची पदवी घ्यायची तो शाळेत नसला तरी चालेल, पण दुसराच एक विषय हवा, या विचित्र वाटणाऱ्या अटीत अर्ज बळकट कसा करायचा याचे निम्मे उत्तर आहे. उरलेले निम्मे उत्तर असे, की अर्जदाराने आपल्या आसपासच्या एखाद्या आर्थिक प्रश्नाचा आकडे हातात घेऊन चिकाटीने पाठलाग केलेला असावा. बाकी ज्या गोष्टींच्या मागे घरोघरी धावपळ चालते, ती ऑनलाइन प्रमाणपत्रे, दोन आठवड्यांची इंटर्नशिप, वक्तृत्वाची पदके, त्यांचे वजन या दोन गोष्टींपुढे फार कमी आहे.

गणिताचा हा आग्रह कशासाठी, ते पदवीच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम पाहिला की कळते. सूक्ष्म आणि स्थूल अर्थशास्त्राच्या बरोबरीने गणित आणि संख्याशास्त्र तिथे पहिल्या सत्रापासून येते, आणि ग्राहकाची निवड किंवा कंपनीचा खर्च हे विषय कलनाच्या भाषेतच शिकवले जातात. म्हणून केंब्रिज आणि एलएसई अर्थशास्त्राच्या अर्जदारांना टीएमयूए ही गणिती विचारांची परीक्षा द्यायला लावतात. ७५ मिनिटांचे दोन पेपर, प्रत्येकात २० बहुपर्यायी प्रश्न, कॅल्क्युलेटर नाही, आणि गुण १ ते ९ या पट्टीवर. दुसऱ्या पेपरात तर्काची पारख होते: एखादे विधान दुसऱ्यासाठी आवश्यक आहे की पुरेसे, दिलेल्या सिद्धतेत चूक नेमकी कोणत्या ओळीत आहे, असे प्रश्न असतात. प्रश्नांना लागणारे गणित फार पुढचे नसते. वेळ मात्र तोकडा असतो आणि पाठांतर उपयोगी पडत नाही, त्यामुळे शेवटच्या दोन महिन्यांच्या शिकवणीने ही परीक्षा साधत नाही.

इथे महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याची गाडी अकरावीच्या प्रवेशाच्या वेळीच रुळावर येते किंवा घसरते. वाणिज्य शाखेत ‘मॅथ्स की एसपी’ हा प्रश्न येतो आणि गुण सहज मिळतात म्हणून असंख्य मुले सेक्रेटरियल प्रॅक्टिस घेतात. ज्याला पुढे अर्थशास्त्र शिकायचे आहे त्याचे यात फार मोठे नुकसान होते, आणि ते दोन वर्षांनी, भरून काढता येत नाही अशा वेळी कळते. राज्य मंडळाच्या वाणिज्य शाखेच्या गणितात काय नाही? विकलन आणि संकलन आहे, सारण्या आहेत, रेषीय प्रायोजन आहे, संभाव्यतेची वितरणे आहेत. शिवाय समाश्रयण, कालश्रेणी आणि निर्देशांक आहेत, म्हणजे अर्थशास्त्रज्ञाची रोजची हत्यारेच. महागाईचा दर कसा काढतात हे समजायला निर्देशांकाचा धडा लागतो, आणि शिक्षणाने मिळकत किती वाढते हे मोजायला समाश्रयणाचा. कला शाखेच्या विद्यार्थ्यालाही गणित घेण्याची मुभा आहे, फक्त ते शिकवणारे कनिष्ठ महाविद्यालय शोधावे लागते. परदेशी विद्यापीठे राज्य मंडळाच्या बारावीची दखल कशी घेतात हे विद्यापीठागणिक बदलते, तेव्हा त्यांच्या भारताविषयीच्या अटी अकरावीतच वाचून ठेवाव्यात.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो मनापासून घेतलेला असतो. अर्थशास्त्र हे माणसांचे शास्त्र आहे. गरिबी, शेती, जात, बाजार यांची ज्याला आच आहे त्याला समीकरणांच्या गाळणीतून का गाळायचे? आक्षेपातली कळकळ खरी आहे, पण आपल्याच परंपरेने त्याला उत्तर दिले आहे. पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा त्यांनी आधी माणसाला रोज २,२५० उष्मांक मिळायला किती खर्च येतो ते मोजले. १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये अशी रेषा त्यांनी धरली, आणि त्याखाली किती लोक जगतात ते दाखवले. देशातले दारिद्र्य हा भाषणाचा विषय होता, तो धोरणाचा विषय होण्यात या आकड्यांचा मोठा वाटा होता. आच होती म्हणून त्यांनी मोजले. तिकडे ब्रिटनमध्ये आल्फ्रेड मार्शल हा १८६५ साली केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत दुसरा आलेला माणूस. पुढे आधुनिक अर्थशास्त्राचा पाया घालताना त्याने गणित विचार करण्यासाठी वापरावे आणि निष्कर्ष साध्या भाषेत व खऱ्या आयुष्यातल्या उदाहरणांनी मांडावेत, असा सल्ला दिला. विद्यापीठे अर्जदाराकडून हीच दुहेरी क्षमता मागतात: मोजता येणे, आणि मोजलेले समजावून सांगता येणे.

ही दुसरी क्षमता दाखवण्याची जागा म्हणजे अर्जासोबतचे निवेदन. ब्रिटनमधले पदवीचे जवळजवळ सगळे अर्ज यूकॅस या एकाच व्यवस्थेतून जातात. विद्यार्थी पाच पर्याय निवडू शकतो. एकाच वर्षी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही ठिकाणी मात्र अर्ज करता येत नाही, आणि पाचही ठिकाणी निवेदन तेच जाते. २०२६ च्या प्रवेशांपासून त्याचे स्वरूप बदलले आहे. आधी सलग निबंध असे, आता तीन प्रश्न आहेत: हा विषय का शिकायचा आहे, शालेय अभ्यासाने त्यासाठी कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केले व ते का उपयोगी आहे. प्रत्येक उत्तराला किमान ३५० अक्षरे, आणि तिन्ही मिळून मोकळ्या जागांसह ४,००० अक्षरांची मर्यादा. इंग्रजीत हे साधारण सहाशे-साडेसहाशे शब्द होतात. केंब्रिजमध्ये निवडक अर्जदारांची मुलाखत होते. एलएसईत पदवीसाठी मुलाखतच नसते, म्हणजे तिथे गुण, टीएमयूए आणि शिक्षकाचे शिफारसपत्र सोडले तर विद्यार्थी कसा विचार करतो हे सांगणारा दुसरा कोणताही कागद नसतो. इतक्या मोलाच्या जागेत ‘लहानपणापासून मला अर्थशास्त्राची आवड आहे’ यासारखी वाक्ये घालणे म्हणजे जागा वाया घालवणे होय.

मग लिहायचे काय? नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या मुलीला समोरच दिसणारा प्रश्न घेऊ. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदीच केली आणि ती मे २०२४ मध्ये उठवली. बंदीने शेतकऱ्याचा भाव किती पडला? लासलगावच्या बाजार समितीतली आवक आणि रोजचे भाव ॲगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. शहरांतले किरकोळ भाव केंद्राचा ग्राहक व्यवहार विभाग प्रसिद्ध करतो. ही मुलगी बंदीच्या आधीचा आणि नंतरचा भाव शेजारी ठेवेल आणि फरक बंदीच्या नावावर टाकेल, ही पहिली पायरी झाली, आणि बहुतेक निवेदने इथेच थांबतात. चांगला अर्ज इथून सुरू होतो. कारण डिसेंबरात खरिपाच्या लाल कांद्याची आवक तशीही वाढत असते आणि भाव बंदी नसतानाही उतरतो. मागच्या काही वर्षांच्या डिसेंबरांत भाव किती उतरला होता हे पाहिल्याशिवाय बंदीचा वाटा वेगळा निघणार नाही. त्यातही २०२३ चा पाऊस कमी होता, म्हणजे ते वर्ष मागच्या वर्षांसारखे नव्हतेच. शिवाय उन्हाळ कांदा चाळीत साठवता येतो, लाल कांदा टिकत नाही. तेव्हा साठवून ठेवू शकणाऱ्याला आणि लगेच विकावे लागणाऱ्याला बंदीची झळ सारखी बसली असेल का, हा आणखी पुढचा प्रश्न. आणि लासलगावात भाव पडला तेव्हा पुण्यातल्या ग्राहकाला तितकाच दिलासा मिळाला का, की मधली तफावत वाढली?

या मुलीला हे सगळे सोडवता येणार नाही, आणि कोणी तशी अपेक्षाही करत नाही. पण आपल्या आकड्यांतून काय सिद्ध होते आणि काय होत नाही हे तिने दोन वाक्यांत प्रामाणिकपणे लिहिले, तर तिने अर्थशास्त्राचा गाभाच पकडला. एखाद्या निर्णयाचा वाटा असा वेगळा काढण्याचे कामच अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर यांनी केले होते. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने एप्रिल १९९२ मध्ये किमान वेतन ताशी ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलर केले. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते बदलले नाही. दोघांनी दोन्ही राज्यांतल्या ४१० फास्ट फूड उपाहारगृहांची पाहणी केली आणि १९९४ मध्ये दाखवले, की वेतन वाढूनही न्यू जर्सीत रोजगार घटला नाही. पुढे या निष्कर्षावर जोरदार वाद झाले, तरी ‘हे झाले नसते तर काय झाले असते’ याचे उत्तर शेजारी शोधण्याची पद्धत टिकली, आणि कार्ड यांना २०२१ मध्ये नोबेल मिळाले. कांद्याचा प्रश्न धरून हा अभ्यास वाचणाऱ्या मुलीला तो का महत्त्वाचा आहे हे कोणी सांगावे लागत नाही. निवेदनात पुस्तके अशा गरजेतून यावीत. पार्थ दासगुप्तांचे अर्थशास्त्राची ओळख करून देणारे छोटे पुस्तक अमेरिकेतल्या आणि इथिओपियातल्या दोन मुलींच्या आयुष्यांची तुलना करत पुढे जाते; ते वाचून ‘आवडले’ लिहिणे निरर्थक आहे, पण त्यातला एखादा मुद्दा आपल्या गावाला कुठे लागू पडतो आणि कुठे नाही, हे लिहिले की परीक्षकाला त्यामागचा वाचक दिसतो.

मतभेदाचीही भीती बाळगू नये. डॉ. आंबेडकरांचा रुपयावरचा प्रबंध १९२३ मध्ये लंडनमध्ये पुस्तकरूपाने आला तेव्हा त्याची प्रस्तावना एलएसईतले प्राध्यापक एडविन कॅनन यांनी लिहिली. आपण लेखकाच्या बऱ्याच मतांशी सहमत नाही, हे त्यांनी त्या प्रस्तावनेतच सांगितले, आणि त्याच वेळी मांडणीतल्या ताजेपणाला दादही दिली. चांगल्या विद्यापीठात निष्कर्षापेक्षा तो कसा काढला याला किंमत असते, आणि सतरा वर्षांच्या अर्जदारालाही हाच न्याय लागू आहे.

दुसरा आक्षेप पालकांचा, आणि तो व्यवहारी असतो: शाळेबाहेरचे उपक्रम भरपूर हवेत, असे सगळेच सांगतात ना? अमेरिकेच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. तिथला ६५० शब्दांचा मुख्य निबंध विषयाशी बांधलेला नसतो आणि उपक्रमांचा स्वतंत्र विचार होतो. ब्रिटनमध्ये मात्र अर्ज विषयासाठी असतो. निवेदनातला तिसरा प्रश्न शिक्षणाबाहेरच्या कामाचा आहे खरा, पण त्याचा दुसरा भाग ‘ते का उपयोगी’ असा आहे. वडिलांच्या किराणा दुकानाची उधारीची वही सांभाळणारा मुलगा कोण किती दिवसांनी पैसे फेडतो आणि उधारी कोणत्या महिन्यांत वाढते हे मांडू शकला, तर एखाद्या बड्या कंपनीतल्या नावापुरत्या इंटर्नशिपहून ते सरस ठरेल. आणि निवेदन दुसऱ्याकडून किंवा एआयकडून लिहून घ्यायचा मोह टाळावा. यूकॅस निवेदने एकमेकांशी ताडून पाहते, आणि केंब्रिजच्या मुलाखतीत स्वतः न केलेला विचार दोन उपप्रश्नांत उघडा पडतो.

सगळ्यात कठीण आक्षेप पैशाचा आहे. एलएसईत परदेशी विद्यार्थ्याची नुसती फी वर्षाला २५ हजार पौंडांहून जास्त आहे. राहण्याजेवण्याचा खर्च वेगळा. मग हे सारे मूठभरांसाठीच का? पदवीपुरते पाहिले तर बऱ्याच अंशी हो, आणि हे स्पष्ट सांगायला हवे. म्हणूनच बहुसंख्य मुलांसाठी पदवी इथे आणि पुढचे शिक्षण बाहेर हा क्रम अधिक शहाणपणाचा आहे. पुण्याची गोखले संस्था, दिल्लीतली महाविद्यालये, आयआयटी यांच्या प्रवेशालाही गणिताची तयारी लागतेच. पदव्युत्तर शिक्षणासाठी राज्य सरकारची, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळणारी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. गणित आणि आकड्यांशी झटापट यांना शिकवणीची मोठी फी लागत नाही. ॲगमार्कनेट मोफत आहे, राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी मराठीत निघते, आणि कांद्याचा भाव लंडनपेक्षा लासलगावमधून जास्त चांगला दिसतो.

ऑक्सफर्ड आणि केंब्रिजसाठी यूकॅसची मुदत दरवर्षी १५ ऑक्टोबरला संपते, बाकी बहुतेक विद्यापीठांची जानेवारीत. म्हणजे बारावीची दिवाळी उजाडेपर्यंत निदान केंब्रिजचा अर्ज तरी अर्जदाराच्या हातून सुटलेला असतो. यंदा ज्या घरात दहावीचा निकाल लागेल आणि एखादे मूल अर्थशास्त्राचे नाव काढेल, त्या घराला आणि त्याच्या शिक्षकांना एवढीच विनंती आहे, की अकरावीच्या अर्जात त्याला गणित सोडू देऊ नका, आणि त्याने विचारलेला पहिला आर्थिक प्रश्न वहीत लिहून ठेवायला सांगा.