नऊ विजयांचा कंटाळा

२८ नोव्हेंबर २००३ रोजी, शुक्रवारी, नेब्रास्का विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने कोलोराडोच्या संघाला त्याच्याच मैदानावर ३१-२२ असे हरवून हंगामातला नववा विजय पदरात पाडून घेतला, आणि शनिवारी रात्री त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक फ्रँक सॉलिच यांच्या हाती बडतर्फीचा हुकूम पडला. बारांपैकी नऊ सामने जिंकणाऱ्या मनुष्यास कामावरून दूर करणे हा न्याय की उन्माद, या प्रश्नावर त्या राज्यात तेव्हा जो वाद पेटला तो वीस वर्षे उलटून गेल्यावरही विझलेला नाही. लिंकन शहरी माझ्या भाचीकडे मुक्कामास असताना मी एकदा केस कापवून घेण्यास बसलो आणि सहज सॉलिच यांचे नाव काढले, तो कात्री थांबली ती पाच मिनिटे पुन्हा चालली नाही. शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थाने तोंडाला साबण तसाच ठेवून प्रतिपक्ष मांडला.

वाचकांनी येथे गोव्यात किंवा कोल्हापुरात खेळला जाणारा फुटबॉल डोळ्यांपुढे आणू नये. हा लंबगोल चेंडूचा, शिरस्त्राणे घालून, बहुतांशी हातांनी व खांद्यांनी खेळायचा अमेरिकी खेळ. खेळणारे अठरा ते बावीस-तेवीस वर्षांचे विद्यार्थी. हंगाम साधारणतः आपल्या गणपतींपासून दिवाळी सरून जाईपर्यंतचा, आणि सामने बहुधा शनिवारी. नेब्रास्का हे मक्याचे, गुरांचे, सपाट क्षितिजाचे राज्य. लोकवस्ती अवघी वीस लाखांच्या आसपास आणि मोठ्या व्यावसायिक लीगमधला संघ एकही नाही. त्यामुळे साऱ्या राज्याची हौस, अस्मिता आणि भांडखोरपणा लिंकनच्या मेमोरियल स्टेडियममध्ये येऊन साठतो. नोव्हेंबर १९६२ पासून तेथील प्रत्येक सामन्याची तिकिटे संपलेली आहेत, आणि त्या सामन्यांची संख्या आता चारशेच्या पुढे गेली आहे. सामन्याच्या दिवशी ते स्टेडियम ओमाहा आणि लिंकन यांच्या खालोखाल राज्यातले तिसरे मोठे शहर ठरते असे तेथे अभिमानाने सांगतात, आणि हंगामी तिकिटे आपल्याकडच्या वतनासारखी बापाकडून मुलाकडे जातात.

या संस्थानाचा कारभारी म्हणजे मुख्य प्रशिक्षक. क्रिकेटमध्ये मैदानावरचा अंमल कर्णधाराचा असतो. येथे डाव रचणे, माणसे निवडणे, शाळकरी पोरांच्या घरी जाऊन आईबापांची मनधरणी करणे, हे सगळे एकाच इसमाच्या शिरावर. अमेरिकेतील बहुसंख्य राज्यांत सरकारी खजिन्याशी संबंधित नोकरांमध्ये सर्वाधिक वेतन घेणारा मनुष्य गव्हर्नर नसून विद्यापीठाचा फुटबॉल अथवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो, हे एकदा ध्यानी घेतले म्हणजे त्याच्या नेमणुकीवर आणि उचलबांगडीवर एवढे रण का माजते ते निराळे सांगावे लागत नाही.

नेब्रास्काचे वैभव दोन माणसांनी उभे केले. १९६२ साली बॉब डेव्हॅनी रुजू झाले. त्यांनी १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली आणि १९७३ च्या हंगामापासून सूत्रे आपले साहाय्यक टॉम ऑस्बर्न यांच्याकडे सोपवली. ऑस्बर्न हे याच राज्यातल्या हेस्टिंग्जचे. मितभाषी, शैक्षणिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले, आणि चेहऱ्यावरून जिंकले की हरले हे न ओळखू देणारे. पंचवीस हंगामांत २५५ विजय, ४९ पराभव आणि ३ बरोबऱ्या असा त्यांचा हिशेब आहे. तथापि पहिली पाचही वर्षे ते ओक्लाहोमाकडून हरले. १९७८ साली सहाव्या खेपेस १७-१४ असा विजय मिळाला. पुढच्याच आठवड्यात मिझुरीने त्यांना हरवले. आणि हंगामोत्तर ऑरेंज बोल सामन्यात पुन्हा ओक्लाहोमाच समोर उभे राहिले आणि जिंकले. त्या हिवाळ्यात कोलोराडोकडून बोलावणे आले तेव्हा ऑस्बर्न तेथवर जाऊन आले, यावरून घरच्या कुरबुरींचा त्यांना किती वीट आला असावा याची कल्पना येते. २ जानेवारी १९८४ च्या रात्री मायामीविरुद्ध अखेरच्या मिनिटात ३१-३० अशी एका गुणाची पिछाडी उरली असताना, एका गुणाची सोपी किक मारून बरोबरी आणि तिच्यासोबत बहुधा अजिंक्यपदही खिशात घालणे शक्य होते. त्यांनी दोन गुणांचा अवघड डाव मागितला, तो फसला, आणि अजिंक्यपद मायामीकडे गेले. पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद ऑस्बर्न यांना १९९४ साली, बाविसाव्या हंगामात मिळाले. मग १९९५ आले, आणि निवृत्तीच्या वर्षी, १९९७ साली, मिशिगनबरोबर वाटून घेतलेले तिसरे.

प्रशिक्षकाला वेळ द्या म्हणणारा पक्ष आजही प्रत्येक वादात ही बाविसाव्या वर्षाची कथा पुराव्यादाखल पुढे करतो. मला हा पुरावा गैरलागू वाटतो. ऑस्बर्न यांनी पंचवीस वर्षांत एकाही हंगामात नऊपेक्षा कमी विजय मिळवले नाहीत. तेव्हा त्या काळच्या लोकांनी जे दाखवले ते भरल्या ताटावरचे समाधान होते, उपाशीपोटीचा धीर नव्हे. हे दोन गुण भिन्न आहेत आणि एकाच्या अंगी दोन्ही असतीलच असे नाही. नेब्रास्काची शोकांतिका अशी की त्याने आधी समाधान गमावले आणि मग त्याच्यावर धीर धरण्याची पाळी आली.

सॉलिच हे डेव्हॅनींच्या हाताखाली खेळलेले आणि ऑस्बर्न यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे साहाय्यक राहिलेले घरचेच मनुष्य. सहा हंगामांत ५८ विजय आणि १९ पराभव. २००१ साली त्यांचा संघ थेट अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत पोहोचला, तेथे मायामीकडून ३७-१४ असा हरला. २००२ साली सात विजय, सात पराभव. क्रीडा विभागाचे संचालक स्टीव्ह पीडरसन यांना ही उताराची सुरुवात दिसली. ते अगदीच चुकले असे मी म्हणणार नाही, कारण २००२ चे ते अंक खोटे नव्हते. पण शिडीवरून एक पायरी घसरलेल्या माणसास खाली ओढून काढताना शिडी कोण धरणार याची तजवीज त्यांच्यापाशी नव्हती. नवा मनुष्य शोधण्यात सहा आठवडे गेले. अखेर व्यावसायिक फुटबॉलमधून बिल कॅलहन आले, त्यांनी धावण्यावर उभारलेली जुनी पद्धत मोडून फेकण्यावर उभारलेली नवी आणली, आणि २००४ साली १९६१ नंतर प्रथमच नेब्रास्काचे पराभव विजयांहून अधिक झाले. टेक्सास टेकने तर त्यांना ७०-१० असे लोळवले. २००७ साली पीडरसन गेले, कॅलहन गेले, आणि वृद्ध ऑस्बर्न संचालक म्हणून परतले. त्यांनी नेमलेल्या बो पेलिनी यांनी सात वर्षे दरसाल नऊ किंवा दहा सामने जिंकले, आणि २०१४ च्या नोव्हेंबरात, पुन्हा नऊ विजय व तीन पराभव असताना, त्यांनाही रजा मिळाली. त्यांच्यानंतर आलेल्या माइक रायली यांचा तीन वर्षांचा हिशेब १९ विजय, १९ पराभव. अधिक लिहिण्याजोगे त्यात काही नाही.

मग २०१८ साली स्कॉट फ्रॉस्ट आले. १९९७ च्या अजिंक्य संघाचा हा क्वार्टरबॅक, म्हणजे मैदानावर डाव चालवणारा खेळाडू, याच मातीतला, आणि आदल्याच वर्षी सेंट्रल फ्लोरिडाला तेराच्या तेरा सामने जिंकून देऊन आलेला. वनवासातून राम परतावा तसे त्याचे स्वागत झाले. आणि लोकांनी धीर धरला, हे नमूद केले पाहिजे. चार विजय, पाच, तीन, पुन्हा तीन; २०२१ च्या हंगामात तर नऊ पराभव, आणि त्यातला एकही नऊपेक्षा अधिक गुणांनी नाही. थोडक्यात हरणे ही मोठी फसवी गोष्ट आहे. दणदणीत हरणाऱ्याची आशा एकदाची सुटते. निसटते हरणारा पुढच्या शनिवारचे आमंत्रण देऊन जातो.

१० सप्टेंबर २०२२ ची संध्याकाळ मी भाचीच्या शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये काढली. मोटार बाहेर काढून, जमिनीवर जुना गालिचा अंथरून, घडीच्या लाल खुर्च्या मांडलेल्या. टेबलावर मिरचीच्या तिखट चिलीचे पातेले आणि तिच्यासोबत दालचिनीचे गोड रोल, कारण त्या प्रांतात हे दोन पदार्थ आपल्याकडच्या वरण-भातासारखे जोडीने खातात. शेजारी म्हणजे सत्तरी ओलांडलेले, मक्याची शेती मुलाच्या हाती देऊन शहरात आलेले गृहस्थ; टीव्हीचा आवाज बंद करून ते रेडिओवरचे वर्णन ऐकत. समोर जॉर्जिया सदर्न, पाहुणचाराला बोलावावा अशा बेताचा संघ. नेब्रास्काने ४२ गुण केले. घरच्या मैदानावर ३५ किंवा अधिक गुण केलेले सामने तोवर २१४ झाले होते आणि त्यांतला एकही नेब्रास्का हरले नव्हते. अखेरची ३६ सेकंद उरली असता पाहुण्यांनी ४५ केले, आणि बरोबरीसाठी मारलेली ५२ यार्डांवरची किक खांबांबाहेर गेली.

कोणी ओरडले नाही. म्हाताऱ्याने रेडिओचे बटण फिरवले, उठून एकेक खुर्ची मिटली, भिंतीला टेकवली, आणि पातेल्यावर झाकण ठेवले. भाची माझ्या कानाशी लागून म्हणाली, “मामा, आता काही विचारू नका हं त्यांना.” मी अर्थातच विचारले. ते म्हणाले, थांबायला माझी हरकत नाही, मी साठ वर्षे पावसासाठी थांबलो आहे. पण ढग दिसावा लागतो.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, फ्रॉस्ट यांना काढल्याची बातमी आली. १६ विजय, ३१ पराभव. येथे करारनाम्याचा भाग येतो, आणि तो या साऱ्या वादाचा खरा कणा आहे. मुदतीपूर्वी प्रशिक्षकास काढल्यास विद्यापीठाने द्यावयाची नुकसानभरपाई, म्हणजे बायआउट, करारात आधीच लिहिलेली असते. फ्रॉस्ट यांची त्या दिवशीची रक्कम दीड कोटी डॉलर होती आणि १ ऑक्टोबरला ती निम्म्यावर येणार होती. तीन आठवडे कळ काढली असती तर पंचाहत्तर लाख डॉलर वाचते. विद्यापीठाने ती कळ काढली नाही. इतरत्र याहून मोठे आकडे आहेत: टेक्सास ए अँड एमने २०२३ साली जिम्बो फिशर यांना घरी बसवण्यासाठी साडेसात कोटी डॉलरांहून अधिक रकमेचा बोजा पत्करला. धनिक माजी विद्यार्थी आपली थैली सैल करण्यास तयार असले म्हणजे अधीरपणा हा दुर्गुण राहत नाही, तो एक परवडणारा खर्च होतो.

धीर धरणाऱ्यांच्या बाजूचे खरे दाखले अन्यत्र आहेत. व्हर्जिनिया टेकमध्ये फ्रँक बीमर १९८७ साली आले. सहाव्या हंगामात, १९९२ साली, त्यांचा हिशेब दोन विजय, आठ पराभव, एक बरोबरी असा होता, आणि तरीही त्यांना ठेवले. १९९३ पासून २०१५ मध्ये निवृत्त होईपर्यंत दरसाल त्यांचा संघ हंगामोत्तर बोल सामन्यास पात्र ठरला, आणि १९९९ च्या हंगामात अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत गेला. कॅन्सस स्टेटचा संघ तर देशातला सर्वांत दुबळा म्हणून ओळखला जाई; १९८९ साली बिल स्नायडर यांनी पहिल्या वर्षी एक सामना जिंकला, मग पाच, मग सात, आणि १९९३ साली नऊ. ही वाढ शेतीच्या वेगाने होई, कारण कच्चा माल अठरा वर्षांचा असे. पोराला आणायचे, पहिले वर्ष सामन्याबाहेर ठेवून, म्हणजे रेडशर्ट करून, खाऊ घालून, वजने उचलायला लावून अंग भरू द्यायचे, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी पीक घ्यायचे. या विद्येत नेब्रास्का देशाचे गुरू होते: १९६९ साली बॉइड एप्ली यांना व्यायामशाळेवर नेमले, आणि शिष्यवृत्तीवाचून, केवळ हौसेने येणाऱ्या गावोगावच्या शेतकरीपुत्रांची, म्हणजे वॉक-ऑन खेळाडूंची, पलटणच्या पलटण बाळगली.

आता तो वेगच राहिलेला नाही. २०१८ साली ट्रान्स्फर पोर्टल सुरू झाले, २०२१ पासून एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलण्याची मुभा आली, त्याच वर्षीच्या १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवता येऊ लागले, आणि २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट पैसे देतात. इंडियाना या पिढ्यान्‌पिढ्या हरणाऱ्या विद्यापीठाने २०२३ साली तीन सामने जिंकले होते. कर्ट सिग्नेटी आपले बरेच खेळाडू बरोबर घेऊन आले आणि २०२४ साली, पहिल्याच वर्षी, अकरा जिंकून मोकळे झाले. तेव्हापासून जीर्णोद्धाराला पाच वर्षे लागतात असे म्हणणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षकाची पंचाईत झाली आहे. वाद घालणाऱ्यांना हे आयते कोलीत मिळाले. सिग्नेटींसारखा मनुष्य मात्र बाजारात रोज मिळत नाही, हे ते सोयीस्करपणे विसरतात.

नेब्रास्काने २०२२ च्या अखेरीस मॅट रूल यांना आठ वर्षांच्या आणि ७ कोटी ४० लाख डॉलरांच्या करारावर आणले. त्यांची कीर्ती तिसऱ्या वर्षाची: टेम्पलमध्ये दोन, सहा, मग दहा विजय, बेलरमध्ये एक, सात, मग अकरा. येथे पहिल्या वर्षी पाच, दुसऱ्या वर्षी सात. २०१६ नंतर प्रथमच बोल सामना आणि त्यात बॉस्टन कॉलेजवर २०-१५ असा विजय. आता तिसरे वर्ष, असे सारे राज्य म्हणू लागले. पण २०२५ च्या ऑक्टोबरात पेन स्टेटने आपल्या प्रशिक्षकास काढले, रूल तेथलेच माजी खेळाडू म्हणून त्यांचे नाव चर्चेत आले, आणि नेब्रास्काने घाईने त्यांचा करार २०३२ पर्यंत वाढवला. हंगाम संपला तेव्हा तिसऱ्या वर्षाचेही विजय सातच होते. ढग दिसला म्हणावा की नाही यावर त्या गॅरेजमध्ये हल्ली दोन तट असल्याचे भाची फोनवर सांगते. म्हातारबुवा रूल यांच्या बाजूचे आहेत, मुलगा विरुद्ध.

एक गोष्ट मात्र रूल यांनी पहिल्याच वसंतात केली, जिच्याविषयी दोन्ही तटांचे एकमत आहे. एप्रिल २०२३ च्या सरावसामन्याला त्यांनी फ्रँक सॉलिच यांना सन्मानाने बोलावले. नेब्रास्काहून गेल्यावर सॉलिच यांनी ओहायो विद्यापीठात सोळा हंगाम काढले आणि ते विद्यापीठ ज्या गटात खेळते त्या मिड-अमेरिकन कॉन्फरन्सच्या इतिहासात कोणीही मिळवले नव्हते इतके विजय मिळवून ते निवृत्त झाले होते. जवळपास वीस वर्षांनी, पिकल्या केसांनी, ते त्या मैदानावर उतरले. शेजाऱ्यांनी आपली तिकिटे त्या दिवशी मुलास दिली नाहीत. स्वतः गेले, आणि घरी आल्यावर भाचीला एवढेच म्हणाले, की इतका वेळ उभे राहिल्याने गुडघे दुखत आहेत.