होस्टा नवी मुंबईत का टिकत नाही?

परदेशातल्या सावलीच्या बागांचे फोटो पाहून वाशी-नेरूळच्या बाल्कनीतही पांढऱ्या कडांचा छोटा होस्टा लावावासा वाटतो. पैसे मोजण्याआधी हे समज तपासून घ्या.

गैरसमज १ : होस्टाला सावली दिली की पुरे.
वस्तुस्थिती : होस्टा मूळचा जपान, कोरिया, चीनकडचा. हिवाळ्यात पानं गाळून तो झोपी जातो आणि त्या झोपेसाठी त्याला ५ अंशांच्या आसपासची थंडी काही आठवडे सलग लागते. नवी मुंबईत जानेवारीची पहाटही इतकी गार नसते. विश्रांती न मिळालेला होस्टा दरवर्षी खुरटत जातो.

गैरसमज २ : एसीच्या खोलीत ठेवला की भागेल.
वस्तुस्थिती : एसी २४ अंशांवर चालतो. ती आपल्यासाठी थंडी, होस्टासाठी नव्हे. शिवाय एसीची हवा कोरडी असते.

गैरसमज ३ : मग सावलीत रंगीत पानं विसरायचीच.
वस्तुस्थिती : कॅलेडियम लावा. तो अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातला, त्यामुळे आपला दमट उकाडा त्याला मानवतो. छोटंच रोप हवं असेल तर पांढऱ्या ठिपक्यांचा कॅलेडियम हम्बोल्टी पाहा.

गैरसमज ४ : सावलीतलं झाड अंधाऱ्या कोपऱ्यातही चालतं.
वस्तुस्थिती : पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतं, म्हणून अशा झाडाला हिरव्या झाडापेक्षा जास्त उजेड लागतो. दुपारचं ऊन टाळा, उजेड टाळू नका. मनीप्लांटसारख्या वेलीला निव्वळ हिरवा फुटवा आला तर तो कापा. तो जोमानं वाढून रंगीत फांद्यांना मागे टाकतो.

गैरसमज ५ : पानाचा तुकडा लावला की तसंच रोप मिळतं.
वस्तुस्थिती : पिवळ्या कडांच्या स्नेक प्लांटचं पान रुजवलं तर नवं रोप कडा नसलेलं, हिरवं येतं. कडा हव्या असतील तर गड्डा विभागून लावा.

गैरसमज ६ : हिवाळ्यात पानं गळाली, म्हणजे कॅलेडियम मेला.
वस्तुस्थिती : कंद कुंडीत जिवंत असतो. पाणी बंद करा, कुंडी कोरड्या जागी ठेवा. उन्हाळ्याच्या अखेरीस कोंब दिसले की पाणी सुरू करा. पावसाळ्यात मात्र कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. कंद कुजतो आणि डासही होतात.

गैरसमज ७ : अळूसारखं पान, म्हणजे निरुपद्रवी.
वस्तुस्थिती : कॅलेडियम अळूच्याच कुळातला आहे. कच्च्या अळूनं घसा खवखवतो तो सुईसारख्या स्फटिकांमुळे, आणि तेच इथेही असतात. पण याची पानं शिजवूनही खायची नाहीत. कुंडी लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांच्या आवाक्याबाहेर ठेवा.